वेळणेश्वरला दोन रात्री: खर्च किती, फसगत कुठे

वेळणेश्वरला जायचं ठरलं की पहिला फोन खोलीसाठी करू नका. आधी पोचायचं कसं ते ठरवा. गुहागर तालुक्यातल्या या गावात खोली मिळते, जेवण मिळतं आणि समुद्र फुकट आहे. पैसे गळतात ते वाटेत, आणि फोनवर विचारायच्या राहून गेलेल्या चार प्रश्नांत. पुण्याहून चौघांचं कुटुंब स्वतःच्या गाडीने गेलं तर दोन रात्री सतरा-अठरा हजारांत बसतात. तेच कुटुंब भाड्याच्या गाडीने गेलं तर आकडा सव्वीस-सत्तावीस हजारांवर जातो. या लेखातले खोली-जेवणाचे आणि गाडीचे दर बजेट धरण्यापुरते आहेत. तुमच्या तारखेचा दर फोनवरच पक्का करा.

पोचायचं कसं

रेल्वेने यायचं तर स्टेशन चिपळूण. तिथून वेळणेश्वर साधारण साठ किलोमीटर, म्हणजे दीड ते दोन तास. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले, त्यामुळे जुन्या सवयीने चार महिने आधी बसून उपयोग नाही. मे महिना, गणपती आणि नाताळ या काळातली तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच संपतात. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं: एसी वर्गाचं सकाळी १० ला, बाकीचं ११ ला. ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते काम आजच उरका, त्या सकाळी दहाला पाच कमी असताना होणार नाही.

गाडी निवडताना पोचण्याची वेळ बघा. कोकणकन्या रात्रीची म्हणून सोयीची वाटते, पण चिपळूणला उतरवते पहाटेच्या अंधारात. स्टेशन वालोप्याला, गावाबाहेर. त्या वेळी एसटी नाही, आणि रिक्षावाला सांगेल तो दर. खोलीचा ताबा मिळणार दुपारी, म्हणजे मधले सात-आठ तास सामान सांभाळत काढायचे. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर सकाळची जनशताब्दी घ्या. चिपळुणात पोटभर नाश्ता करा आणि गुहागरची एसटी पकडा.

चिपळूण-गुहागर एसटी दिवसभर आहेत. पुढे गुहागर ते वेळणेश्वर-हेदवी गाड्या मोजक्या, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातलीही एखादी रद्द होते. ज्या घरी उतरणार त्यांनाच विचारा, ‘दुपारची एसटी किती वाजताची?’ गावातल्या माणसाला ते मोबाइलपेक्षा नक्की माहीत असतं. गाडी चुकली तर गुहागरहून रिक्षाला चारशे ते सहाशे धरा, चिपळूणहून थेट गाडीला दीड ते दोन हजार. बसायच्या आधी ‘दारापर्यंत का फाट्यापर्यंत?’ हे विचारा. फाट्यापासून दारापर्यंतचे पन्नास-शंभर वेगळे मागायची पद्धत आहे.

एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा बरोबर ठेवावा आणि तो आजोबांच्या खिशात असावा, नातवाच्या मोबाइलमधल्या गॅलरीत नव्हे. आजी, आजोबा, आई, बाबा असे चौघे निघालात तर एसटीचा खर्च इतका खाली येतो की गाडी काढण्याआधी एकदा हिशेब करून बघाच.

खाजगी बसवाल्यांनी सुट्टीत तिप्पट दर मागितला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे खाजगी बसला त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा. पैसे लगेच परत मिळतील असं नाही, पण तक्रारीचं नाव काढलं की बसच्या दारात सूर बदलतो.

भाड्याची गाडी

सगळ्यात मोठी गळती इथे. पुणे ते वेळणेश्वर जेमतेम अडीचशे किलोमीटर. जाऊन-येऊन पाचशे, तिथे फिरणं शंभर, म्हणजे सहाशे झाले. दर किलोमीटरला १३ रुपये सांगितला, तुम्ही मनात ७,८०० धरले. बिल आलं ११,७०० चं. कारण ‘दिवसाला किमान ३०० किलोमीटर’ ही अट: तीन दिवसांचे ९०० किलोमीटर, गाडी उभी असली तरी. त्यावर चालकाचा भत्ता दिवसाला चार-पाचशे, रात्री दहानंतर गाडी चालली तर जादा, टोल आणि पार्किंग वेगळं, आणि चालकाच्या झोपण्या-जेवणाची सोय कोणी करायची ते कोणी बोललेलंच नसतं. ठरवताना असं विचारा: ‘किमान किती किलोमीटर, दिवस मध्यरात्री बदलतो का चोवीस तासांनी, भत्त्यात जेवण धरलंय का?’ दिवस मध्यरात्री बदलत असेल तर रात्री दहाला निघू नका, दोन तासांसाठी अख्खा दिवस लागतो.

ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात भाड्याने मिळत असेल तरी घेऊ नका. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. स्वतः चालवायची भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते, चालकासह मिळणारी टॅक्सी पिवळ्या पाटीवर काळ्या.

स्वतःची गाडी असेल तर पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड, चिपळूण. सातारा-कराडकडच्यांना पाटणवरून कुंभार्ली घाट. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवतात, मोबाइलचा नकाशा काही म्हणो. चिपळूणहून गुहागरकडे येताना गुहागरच्या अलीकडे मोडकाआगरला वळायचं, पालशेतवरून पुढे वेळणेश्वर. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि रात्री दिवे फक्त तुमच्याच गाडीचे. अंधार पडायच्या आत पोचायचं असा बेत ठेवा. पेट्रोल शृंगारतळीला किंवा गुहागरला भरून घ्या, रोख पैसेही तिथेच काढा. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा. तो चालला नाही तर राष्ट्रीय महामार्गावर रोखीने दुप्पट टोल पडतो, यूपीआयने सव्वापट.

खोली

तीन प्रकार आहेत. एमटीडीसीचं पर्यटक निवास टेकडीवर आहे, समुद्र समोर दिसतो. वेळणेश्वराच्या देवळाजवळ भक्तनिवासाची सोय आहे, साधी आणि स्वस्त. आणि गावातल्या वाड्यांमधले घरगुती होमस्टे, नारळी-पोफळीच्या सावलीतले. माझं मत विचाराल तर दोन रात्रींसाठी होमस्टेच. पाच मिनिटांत वाळूवर पोचता, आणि माशाचं कालवण घरातलं असतं. एमटीडीसीच्या दृश्याला तोड नाही, पण टेकडी उतरून-चढून पाय बोलतात. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर आधी पायऱ्या विचारा.

बजेट असं धरा: होमस्टेची साधी खोली दीड ते अडीच हजार, एसी अडीच ते चार हजार. सोमवार ते गुरुवार गेलात तर घासाघीस चालते. महाशिवरात्रीला इथे जत्रा असते, तेव्हा खोली विसरा. २५ डिसेंबर ते १ जानेवारीला दर दुप्पट आणि ‘किमान दोन रात्री’ची अट ऐकायची तयारी ठेवा.

आता तो फोन. मागे एकदा मी ‘एसी रूम ना?’ एवढंच विचारलं. हो, म्हणाले. पोचलो तर भिंतीवर एसी होता, रिमोट नव्हता. रिमोट हवा असेल तर रात्रीचे पाचशे वेगळे. भांडायला माझ्याकडे काहीच लेखी नव्हतं. तेव्हापासून मी फोनवर बोललेलं सगळं फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवतो आणि समोरच्याचा ‘ओके’ येईपर्यंत आगाऊ रक्कम देत नाही. तुम्हीही तसंच करा. मजकुरात हे असू द्या: दोन रात्री, तारखा, एसी चालू धरून दर. जादा गादीचे किती, आणि मूल किती वर्षांपर्यंत फुकट. नाश्ता धरलाय का. गरम पाणी दिवसभर का फक्त सकाळी. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं (पंखा चालतो, एसी चालत नाही, तरी विचारा). बेत रद्द केला तर किती परत. जीएसटी धरून का वेगळा.

जीएसटीचं जरा थांबून समजून घ्या, कारण या नावाखाली बरंच खपतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पूर्वी १२ होता. कोणी अजूनही १२ लावत असेल तर बोट ठेवा. ३,००० च्या खोलीवर तो १५० रुपये होतो, ३६० नव्हे. दुसरं, ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही त्याला हा कर घेताच येत नाही. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान होमस्टेवाल्यांना नोंदणी सक्तीची नसते, म्हणून क्रमांक नसणं हा गुन्हा नव्हे. पण क्रमांक नसताना बिलात ‘जीएसटी’ ही ओळ असणं चूक आहे. जेवणाच्या बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप जोडलेलं असेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच त्याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

असे छुपे आकार फक्त कोकणात नाहीत. ग्रीसच्या बेटांवर ऑनलाइन खोली घेतलीत तरी काउंटरवर हवामान-कर वेगळा मागतात, पंचतारांकित हॉटेलात उन्हाळ्यात रात्रीला १५ युरो. मात्र तिथला दर सरकारने छापलेला असतो. इथला मालकाच्या मनात असतो, म्हणून आधी वदवून घ्यायचा.

आगाऊ रक्कम पंचवीस-तीस टक्क्यांवर देऊ नका. नकाशावर किंवा जाहिरातीत दिसलेला नंबर एकट्याने खरा धरू नका. प्रसिद्ध ठिकाणांच्या नावाने बनावट संकेतस्थळं आणि नंबर फिरतात. ‘आज पूर्ण पैसे भरले तर चाळीस टक्के सूट’ असं ऐकलंत की फोन ठेवा. व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा. खरा मालक गाय, कुत्रा, सासूबाई सगळं दाखवतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकते.

कागदपत्रं: प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं फोटो ओळखपत्र. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून द्या. अमेरिकेतला भाचा परदेशी पासपोर्टवर आला असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागेल. यजमानाला परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद चोवीस तासांत करावी लागते. लहान होमस्टे हे करत नाहीत आणि दारात नकार देतात. आधीच सांगून ठेवा.

कुलदैवत म्हणून येणाऱ्यांसाठी एवढंच: अभिषेक किंवा लघुरुद्र करायचा तर गुरुजींना किमान आठवडाभर आधी कळवा. दक्षिणेत पूजेचं साहित्य, नैवेद्य आणि किती पानांचं जेवण धरलंय ते विचारा. सोमवारी आणि श्रावणात वेळ लवकरची मागा.

जेवण

शाकाहारी थाळी दीडशे ते अडीचशे, माशाची साडेतीनशेपासून पुढे. फळ्यावर ‘सुरमई थाळी’ एवढंच लिहिलेलं असेल तर तुकडे किती ते विचारा. ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलं असेल तर मासा बघा, दर ऐका, मग हो म्हणा. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेलं पापलेट बहुधा बर्फातलं असतं, पैसे मात्र ताज्याचे जातात. तेव्हा खाडीचे मासे मागा, नाहीतर सरळ कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि फणसाची भाजी. मी तर पावसात तेच खातो.

होमस्टेत जेवण आधी सांगावं लागतं. रात्रीचं दुपारी दोनपर्यंत, सकाळचं आदल्या रात्री. ऐन वेळी आठ वाजता ‘भूक लागली’ म्हणालात तर गावात उघडं फारसं काही नसतं. उकडीचे मोदक नगावर असतात, तीस ते पन्नास रुपये. थाळीबरोबर आलेला मोदक थाळीतला का वेगळा, हे तो तोंडात जायच्या आधी विचारा.

किनारा आणि आसपास

गाडी वाळूत घालू नका. भरती चढते, चाकं रुततात, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला पाणी कुठवर आलंय ते बघून दर सांगतो. वर पोलीस कारवाई होते ती वेगळी. पोहायला गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका, ओहोटीत तर नाहीच. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरू नका.

हेदवी सहा-सात किलोमीटरवर. टेकडीवरचा दशभुज गणेश, आणि खाली किनाऱ्यावर बामणघळ: खडकातली अरुंद भेग, जिच्यात लाट शिरली की पाणी उंच उसळतं. बरेच लोक ओहोटीला जातात, कोरडी भेग बघतात आणि परत येतात. भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती सांगतो. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणाने गुणा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तुमच्या दोन दिवसांतली तिथी कॅलेंडरवर बघून हेदवीचा बेत ठरवा, रिक्षाची दुसरी खेप वाचेल. भेगेच्या काठावर फोटोसाठी उभे राहू नका. शेवाळावरून पाय सुटला तर खाली पकडायला काही नाही.

गणपतीपुळे जोडून करायचं असेल तर तवसाळहून जयगडला फेरीबोट घ्या. गाडीसह शास्त्री नदीची खाडी ओलांडता, आणि रस्त्याने पडणारा मोठा वळसा वाचतो. गाडीला दोनशे-अडीचशेत भागतं, आतल्या माणसांचं तिकीट वेगळं. सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर गाड्यांची रांग लागते, सकाळी लवकर जा. फेरी रात्री बंद असते, वाऱ्या-पावसात अचानकही थांबते. निघण्याआधी फोन करून शेवटच्या फेरीची वेळ विचारा. तीच सोय उत्तरेला धोपावे-दाभोळला आहे, दापोलीकडून येणाऱ्यांना उपयोगी.

एप्रिल-मेत आंबा घेणार असाल तर रस्त्याकडेच्या ‘रत्नागिरी हापूस’ छापलेल्या खोक्यावर जाऊ नका. खोकं कोणालाही छापता येतं, आणि हंगामात कर्नाटकातला आंबा त्यातून सर्रास विकला जातो. यजमानांच्या ओळखीच्या बागेतून घ्या. दर पेटीवर नाही, डझनावर ठरवा, कारण फळाच्या आकाराप्रमाणे पेटीत चार डझनही असतात आणि सहाही. वरचा थर उचलून खालचा बघा.

हिशेब

चौघे, पुण्याहून स्वतःची गाडी, दोन रात्री. खोली ६,०००, दोन जादा गाद्या दोन रात्री १,०००, जेवणखाण ५,०००. सहाशे किलोमीटरला चाळीस लिटर पेट्रोल, ४,२०० च्या आसपास. फेरी, मोदक, आमसुलं, कोकम आगळ मिळून १,५००. झाले १७,७००. टोल आणि आंबे यात नाहीत. भाड्याची गाडी केलीत तर पेट्रोलच्या जागी ११,७०० आणि भत्त्याचे १,५००, म्हणजे एकूण २६,७००. एसी सोडलात आणि आठवड्याच्या मधले दिवस घेतलेत तर दोन-तीन हजार सहज खाली येतात.

आजारपणाचं बघून ठेवा: गुहागरला ग्रामीण रुग्णालय, मोठं काही झालं तर चिपळूण तालुक्यातलं डेरवणचं वालावलकर रुग्णालय. तिथवर दोन तास लागू शकतात. रुग्णवाहिका १०८. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, रात्री औषधाचं दुकान शोधत फिरायची ही जागा नव्हे. बिलाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र बिल घेतलेलं असलं पाहिजे, आणि साध्या वहीच्या कागदावरचं, तारीख आणि सही असलेलं बिलसुद्धा चालतं.

निघायच्या आदल्या रात्रीच हिशेब मिटवा. सकाळी घाईत आकडे तपासून होत नाहीत, मोबाइलची रेंज वाडीत येते-जाते आणि पैसे पाठवताना चाक नुसतं गोल फिरत राहतं. हजार-दीड हजार सुटे ठेवलेले असले तर सकाळची एसटी चुकत नाही.